संगमाखालचे थर

ता. रावेर, जि. जळगाव

चि. वैशालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर डोळा लागला नाही. ज्या कोअरची, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्याची, पाच महिने वाट पाहिलीस, त्यातला नेमका मधला दीड मीटर वर येता येता फसफसला, गाळ पातळ झाला, थर मोडले. आणि आता कोणी तुला म्हणतंय की वरच्या-खालच्या थरांवरून मधले अंदाजाने भरून घे. त्यावर तू ‘बघू’ म्हणालीस. त्या ‘बघू’पायी लिहायला बसलोय.

नमुना बिघडला त्यात तुझी काय चूक? तूच समजावलं होतंस, समुद्राच्या तळाशी थंडी आणि दाब इतका असतो की पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत मिथेन वायू कोंडला जातो, त्यालाच हायड्रेट म्हणतात. एक घनमीटर हायड्रेट फुटलं तर सुमारे १६४ घनमीटर वायू सुटतो. नळी वर ओढताना दाब उतरला, ऊब लागली, मग भोवतीचा गाळ जागचा राहील कसा? इथे हायड्रेट होतं, हे तो पातळ गाळच सांगतोय. तो तसाच लिहून ठेव, मीटर-सेंटीमीटरसकट.

आपली विहीर खोल केली ते आठवतं? तू पहिलीत होतीस. वर काळी माती, मग पिवळा पोयटा आणि चाळीस फुटांवर हातभर जाड वाळू. आप्पा काठावर बसले होते. ते म्हणाले, ही ३८ सालच्या भूकंपाची. १४ मार्च १९३८ ला सातपुडा हलला होता, सव्वासहाच्या आसपास रिश्टरचा. आप्पा तेव्हा लहान होते, घरातली उतरंड त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळली होती. मीही पुढे कितीतरी जणांना ती वाळू भूकंपाची म्हणूनच दाखवली. कॉलेजात गेल्यावर तू म्हणालीस, “बाबा, चाळीस फूट पोयटा साठ-पासष्ट वर्षांत साचत नाही. ही तापीच्या जुन्या पुराची वाळू आहे.” मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवसापासून मी ती गोष्ट सांगणं बंद केलं.

मग मी विचारलं होतं, समुद्रातली वाळू पुराची की भूकंपाची, हे ओळखायचं कसं? तू पाटीवर चांगदेवचा संगम काढलास. एकदा पूर्णेला पूर आला, एकदा तापीला आला, तर संगमाखाली दोघींची वाळू वेगवेगळी बसणार, थरांची बेरीज होणार. पण भूकंपाने दोन्हीकडची वाळू एकाच वेळी सुटली तर खाली एकच थर. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापुढे समुद्रातल्या दऱ्यांमध्ये हेच मोजलं गेलं. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची राख तिथल्या गाळात आहे. त्या राखेच्या वर एका फाट्यात १३ थर, दुसऱ्यात १३ आणि संगमाखालीही १३च. म्हणजे शेकडो मैलांचा किनारा दर वेळी एकदम हलला. त्यातला शेवटचा भूकंप २६ जानेवारी १७०० चा. ती तारीख सापडली जपानच्या जुन्या दप्तरांत, कारण तिकडे जमीन न हलताच लाट आली होती.

आता सांग, त्या मोजणाऱ्यांपैकी एकाने जरी मोडक्या नळीत अंदाजाने एक थर भरला असता, तर १३ चे १४ झाले असते. मग त्या संगमाला काय अर्थ राहिला असता? असले नकाशे बघून लोक शाळा बांधतात, पूल बांधतात.

आणि थर गेले म्हणजे सगळंच गेलं असंही नाही. मकरानचं तूच सांगितलं होतंस. १९४५ च्या भूकंपानंतर तिथल्या तळातून मिथेन गळू लागला, त्याचा माग वाळूच्या थरांतून नाही, बेराइट नावाच्या खनिजावरून लागला. खालून वर चढणारा मिथेन जिथे समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटला भेटतो, त्याच्या जरा वर बेराइट साचत राहतं. किती साचलं यावरून गळती साधारण कधी सुरू झाली ते काढता येतं. तुझ्या कोअरचा वरचा भाग तर शाबूत आहे. त्यात बेराइट बघितलंस का? मी शेतकरी माणूस, प्रयोगशाळेतलं मला कळत नाही, पण हे विचारल्यावाचून राहवेना.

मार्गदर्शकांशी नीट, शांतपणे बोल. वाद घालू नको, पण अंदाजाने भरलेल्या थरांखाली सहीही करू नको. एक वर्ष जास्त लागलं तर लागू दे. यंदा बाग बरी आहे, घड चांगले भरलेत, पैशाचा घोर तू करू नको. आईचंही हेच म्हणणं आहे. ती स्वतः लिहिणार होती, पण तिच्या हाताला काल चीक लागलाय, बोटं काळी झालीत.

विहिरीतली ती वाळू आप्पांनी काचेच्या बरणीत ठेवली होती, ती अजून माळ्यावर आहे. झाकणावर त्यांच्या हातची ‘भूकंप १९३८’ अशी चिठ्ठी आहे. ती मी काढली नाही. खाली दुसरी चिकटवलीय, ‘तापीचा पूर, साल माहीत नाही’.

बेराइटचं काय निघतं ते कळव. फोन रात्री आठनंतर कर, दिवसा मोटारीच्या आवाजात मला ऐकू येत नाही.

तुझे
बाबा