नोकरीआधी माहिती मागा

महोदय,
आयटीआय, डिप्लोमा झालेली मुले बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांच्या गेटवर बायोडेटा ठेवून परततात. त्याऐवजी आधी वीस मिनिटांची माहितीभेट मागावी, तीही एचआरकडे नव्हे, तर ज्या खात्यात काम करायचे तिथल्या सुपरवायझरकडे. निरोपात नाव, शिक्षण आणि 'काम समजून घ्यायचे आहे' एवढेच लिहावे. शिफ्ट बदलताना किंवा महिनाअखेरीला डिस्पॅचच्या धांदलीत गेल्यास कोणी उभे करत नाही.

आदल्या दिवशी तिथे काय बनते ते पाहावे: कास्टिंग, मशीनिंग की हायड्रॉलिकचे भाग. प्रश्न पाच-सहाच न्यावेत. 'काम कसे असते?' विचारले की 'बरे असते' हेच ऐकू येते. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात विचारा, रिजेक्शन ब्लोहोलने (धातूत राहिलेल्या हवेच्या पोकळीने) जास्त की वाळू अडकल्याने? मशीनशॉपमध्ये विचारा, नव्या मुलाला व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) स्वतः टूल ऑफसेट (टूलच्या मापाची नोंद) घालू द्यायला किती महिने लावता? अशा प्रश्नांवर माणूस खुलतो, कधी थेट मशीनपाशीच नेतो. म्हणून चप्पल नको, बूट हवेत. मोबाइल खिशातच ठेवावा, फोटो तर नाहीच.

'जागा आहे का?' तोंडातून निघाले की बोलणे तिथेच संपते. बायोडेटा मागितला तरच काढावा.

समोरचा कन्नड बोलणारा असेल तर 'केलसद बग्गे तिळ्कोबेकु' (कामाबद्दल जाणून घ्यायचे आहे) एवढे तरी यावे. पुढचे मराठी-हिंदीत निभावते. निघताना आणखी कोणाशी बोलावे ते विचारावे आणि संध्याकाळी आभाराचा दोन ओळींचा मेसेज टाकावा. हा मेसेज बहुतेक जण विसरतात.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव