मामाच्या मंत्रिमंडळातली भाची

महोदय,

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये तरुण रस्त्यावर उतरले, सरकार कोसळले आणि सुशीला कार्की त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. तेव्हापासून नेपाळविषयी बरेच छापून येते आहे. भ्रष्टाचार आणि घराणेशाहीची चीड तिथे जणू याच पिढीला पहिल्यांदा आली, असा सूर त्यात दिसतो. मला तो खटकतो, कारण शैलजा आचार्य यांचे नाव कुठेच येत नाही.

बी. पी. कोईराला यांची ही भाची, कार्कींसारखीच विराटनगरची. डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी लोकांनी निवडून दिलेले कोईराला सरकार मोडले आणि पंतप्रधानांनाच अटक केली. दोन महिन्यांनी प्रजातंत्र दिन आला, तेव्हा शैलजाबाईंनी खुद्द राजाला काळे झेंडे दाखवले. वय सोळा-सतरा! त्यापायी सुमारे तीन वर्षे तुरुंगात गेली. पुढे भारतात निर्वासिताचे जिणे वाट्याला आले.

१९९० मध्ये लोकशाही परतली. पुढच्या वर्षी निवडणूक होऊन दुसरे मामा गिरिजाप्रसाद पंतप्रधान झाले आणि शैलजाबाई कृषिमंत्री. आडनाव वेगळे असले तरी घराणे कोईरालांचेच, हे मान्य करायला हवे. पण याच बाईंनी सरकारमधल्या भ्रष्टाचाराविरुद्ध आवाज उठवला आणि मंत्रिपद सोडले. पक्ष आपला, सरकार आपले, पंतप्रधान सख्खा मामा. अशा वेळी गप्प बसायला शंभर कारणे सापडतात. माझ्या लेखी हा राजीनामा काळ्या झेंड्यांहून अवघड होता. राजाविरुद्ध उभे राहताना निदान घरचे तरी पाठीशी होते.

१९९८ मध्ये त्या पुन्हा गिरिजाप्रसादांच्याच सरकारात गेल्या आणि नेपाळच्या पहिल्या महिला उपपंतप्रधान झाल्या. जलस्रोत खातेही त्यांच्याकडे होते. ज्या मामाचे मंत्रिमंडळ सोडले त्याच्याकडेच परत का गेल्या, हा प्रश्न मला अजून सतावतो. तरीही त्यांच्याविषयीचा आदर तसूभरही कमी होत नाही. पुढे त्यांची भारतात राजदूत म्हणून नेमणूक झाली. अखेरच्या काळात अल्झायमरने त्यांची स्मृती हिरावली आणि जून २००९ मध्ये त्या गेल्या.

आपल्या रविवार पुरवणीत नेपाळवर पुन्हा लिहिले जाईल, तेव्हा एक पान या बाईंसाठी राखावे, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक, नाशिक