रंगाची ती पट्टी

आदरणीय पेंटरकाका,

सप्रेम नमस्कार. माझ्या गाडीचा पुढचा बंपर आपण रंगवून दिलात, त्याबद्दल समोर उभे राहून मला नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी हा बंपर दोनदा रंगवून झाला होता. पहिल्या ठिकाणी प्लास्टिकवर रंग धरून ठेवणारा प्रायमर, म्हणजे अस्तराचा थर, न लावताच रंग मारला गेला आणि तो पापुद्र्यांनी सुटला. दुसऱ्या ठिकाणी रंग टिकला, पण चंदेरी मेटॅलिक छटा शेजारच्या फेंडरपेक्षा, म्हणजे चाकावरच्या पत्र्यापेक्षा, गडद दिसत होती. तसे सांगितल्यावर "कंपनीच्या रंगाचा कोड तोच आहे, तुम्हालाच तसे वाटते" या शब्दांत माझी बोळवण झाली. पैसे गेल्यापेक्षा ते वाक्य मला अधिक लागले.

आपण कोड पाहिलात, पण केवळ त्यावर विसंबला नाहीत. जुना रंग उन्हाने फिकटलेला असतो आणि फवारा जास्त ओला बसला की मेटॅलिक रंगातले धातूचे चमकदार कण खोल जाऊन छटा काळवंडते, हे आपण मला समजावून सांगितलेत. मग पत्र्याच्या एका पट्टीवर बेस कोटचे, म्हणजे मूळ रंगाचे हात देऊन, वर पारदर्शक क्लिअर कोट मारून, ती वाळल्यावर आपण माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आज ठरवू नका. फेंडरला लावून सकाळी बघा, दुपारी बघा, तिरकी धरूनही बघा." दुसऱ्या दिवशी मी संकोचत म्हणालो की तिरकी धरल्यावर ती अजून किंचित गडद वाटते. आपण वाद घातला नाहीत. शेवटचा हात थोडा लांबून आणि हलका देऊन दुसरी पट्टी केलीत. हाताला कसब असलेले पुष्कळ भेटतात, परंतु गिऱ्हाइकाची नजर खरी असू शकते असे मानून पुन्हा काम करणारा सज्जनपणा मी प्रथमच पाहिला.

आरशांच्या कव्हरवर मॅट, म्हणजे बिनचकाकीचे फिनिश हवे, हा माझा हट्टही आपण मोडून काढलात. मॅटवर ओरखडा पडला तर पॉलिश करून तो काढता येत नाही, घासले की तिथेच चकाकी येते, हे काम मिळत असतानाही आपण स्पष्ट सांगितलेत.

आज भर उन्हात बंपर आणि फेंडर यांच्यात मला फरक दिसत नाही. ती दुसरी पट्टी गाडीच्या कप्प्यात जपून ठेवली आहे. पुढे कधी काम निघाले, तर ती घेऊन आपल्याकडेच येईन.

आपला कृतज्ञ,
एक गाडीमालक