तू १९९५ साली पाहिलंस ते मी आता पाहिलं

पुणे,
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या ग्रहणाच्या रात्रीचं हे फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं, पण तू सारखा गाडीत असतोस आणि मला हे घाईत सांगायचं नाही. म्हणून पत्र.

आमच्या घरात पावणेनऊला दिवा बंद होतो, हे तुला माहीत आहे. गेल्या मे महिन्यात तू आलास तेव्हा गप्पा अर्ध्यावर टाकून मी चिऊला झोपवायला उठलो, त्याचं तुला थोडं वाईटही वाटलं असेल. पण त्या पावणेनऊसाठी आम्ही वर्षभर झगडलोय. पोरगी अकरा-साडेअकरापर्यंत जागायची, सकाळी रडत उठायची, डबा तसाच परत यायचा. या वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावर आम्ही दोघांनी हा नियम मनावर घेतला. दूध, दात, गोष्ट, दिवा. पाहुणे असोत की मॅच असो, त्यात बदल नाही. आणि खरंच, घर शांत झालं. त्यामुळे तो नियम मोडताना माझा हात थरथरला, हे खोटं नाही.

रविवारी, ७ तारखेला, खग्रास चंद्रग्रहण होतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, ढोल-ताशांनी कान अजून भरलेले, आणि सोमवारी शाळा. चिऊला उठवायचा विचारही नव्हता. दिवसभर आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. आईने मात्र वेध पाळले होते. पाण्याच्या पिंपात, दह्यात, पिठाच्या डब्यात तुळशीचं पान टाकून झालं होतं. जेवण लवकर उरकून ती जप करत बसली होती.

अकरा वाजून गेल्यावर मी सहज गच्चीवर गेलो. शेजारची दोन कॉलेजची मुलं दुर्बीण घेऊन वाट बघत होती. आणि ढग फाटले! वर चंद्र होता, पण तो आपला चंद्र नव्हता. लालसर, मंद, गोल गोळा. नेहमी सपाट ताटलीसारखा दिसणारा चंद्र त्या रात्री चेंडूसारखा दिसत होता. उजेड इतका उतरला होता की आजूबाजूच्या चांदण्या पुन्हा उगवल्या होत्या.

त्या क्षणी मला तू आठवलास. २४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण. आपण दहा वर्षांचे. आमच्या घराची दारं-खिडक्या बंद, मी आत. तू अंगणात पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडून भिंतीवर सूर्याची कोर पाडलीस. लिंबाच्या झाडाखाली जमिनीवर शेकडो कोरी पडल्या होत्या, हे तू मला दुपारी सांगितलंस. मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन रडलो. तीस वर्षं झाली, तुझ्या त्या कोरी मला न बघता पाठ आहेत.

मी चार मजले धावत उतरलो. बायको म्हणाली, "अरे, उद्या शाळा आहे." मी म्हटलं, "ढग परत येतील." तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि चादर घेतली. आई माळ हातात घेऊन दारात उभी. मला वाटलं, आता अडवणार. ती म्हणाली, "तुला तेव्हा मी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. तिला ने." आणि माळ ओंजळीत धरून स्वतःही जिना चढायला लागली. दुखऱ्या गुडघ्यांसकट, चार मजले. मित्रा, हे लिहिताना आत्ताही डोळे भरून येतात.

चिऊ खांद्यावर ओझ्यासारखी लोंबत होती. "सकाळ झाली?" एवढंच विचारलं. मग वर बघितलं आणि खूप वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "गावच्या बंबाचा रंग आहे." अगदी तोच तांब्याचा रंग! मी तिला सांगितलं की आपली पृथ्वी मधे आली आहे आणि तिची सावली चंद्रावर पडली आहे. पृथ्वीच्या कडेच्या हवेतून थोडा प्रकाश वळून तिकडे जातो. त्यातला निळा वाटेतच विखुरतो, लाल तेवढा पोचतो. म्हणजे या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय किंवा मावळतोय, तो सगळा उजेड त्या चंद्रावर आहे. किती कळलं कोण जाणे. "आपली सावली?" असं विचारून ती खाली उतरली आणि चंद्राकडे बघत दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागली. हाताची सावली वर दिसते का ते बघायला. आईनेही एक हात वर केला.

खग्रास स्थिती ८२ मिनिटं होती. ढग दोनदा आले, दोनदा गेले. आईने तिला सांगितलं की तिच्या लहानपणी ग्रहण सुटताना गल्लीत "दे दान, सुटे गिराण" अशी हाक यायची आणि माणसं धान्य, जुने कपडे घेऊन दारात यायची. मग साडेबाराच्या आधी चंद्राच्या कडेला पांढरी चमक फुटली, आणि आम्ही दोघांनी नातीला व आजीला सावकाश खाली आणलं. ग्रहण पुरतं सुटल्यावर आईने अंघोळ केली.

सोमवारी चिऊ उठली नाही. मीही उठवलं नाही. काय कारण लिहायचं यावर मी अडखळलो, पण बायकोने डायरीत सरळ लिहिलं: रात्री चंद्रग्रहण पाहिले, म्हणून आज रजा.

किंमत मोजावी लागली. मंगळवारी पावणेनऊला हट्ट, "गच्चीवर चला." बुधवारी रडणं. काल रात्री मात्र दिवा वेळेवर बंद झाला आणि ती गाढ झोपली.

भारतातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल असं पुढचं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ ला आहे, रात्री दहाच्या सुमारास. तेव्हा चिऊ नऊ वर्षांची असेल. तिची उंची आम्ही कपाटाच्या दाराच्या आत पेन्सिलीने लिहितो, तिथेच तिने ही तारीख वाकड्या अक्षरांत लिहून ठेवली आहे. खाली चार नावं. पाचवी जागा मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. त्या रात्री तू आमच्या गच्चीवर ये.

तुझा,
आतून कडी लावलेल्या घरातला मित्र