चौकट कोयनेची, तहान जमिनीखालची

संपादक महोदय,

22 मार्चला जलदिन आला की ‘पृथ्वीवरचं गोडं पाणी अवघं अडीच टक्के’ हे वाक्य सगळीकडे छापून येतं. यंदा टँकरची वाट बघता बघता घरच्या हजार लिटरच्या टाकीवर मी हा हिशेब मांडला. जगातलं सगळं पाणी त्या टाकीत भरलं, तर गोडं पाणी 25 लिटर. त्यातलं 17 लिटर बर्फ होऊन बसलेलं, साडेसात लिटरच्या आसपास जमिनीच्या पोटात. आणि जगभरच्या नद्या-सरोवरं मिळून? कटिंग चहाचा ग्लासही भरत नाही. त्यातलाही पाचवा हिस्सा एकट्या बैकल सरोवरात.

आपले डोळे मात्र त्या ग्लासाकडेच. पावसाळ्यात कोयनेत किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झालं, हे रोज पहिल्या पानावर असतं. आम्हीही चवीने वाचतो. पण 105 टीएमसीचं हे धरण आमच्याच सातारा जिल्ह्यात असून माण तालुक्यातल्या माणसाची घागर त्यावर भरत नाही. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, आमच्या तालुक्यात दहिवडीकडे जेमतेम पाचशे. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. उरमोडी, जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी काही शिवारांत आलं, तिथली कळा पालटली, नाही कशाला म्हणू? बाकीच्यांची मदार बोअरवर.

मागच्या उन्हाळ्यात रानात बोअर मारलं. 600 फुटांपर्यंत नुसती करडी भुकटी उडाली, डाळिंबाच्या पानांवर तिचा थर बसला. पाणी लागो न लागो, गाडीवाल्याचे पैसे फुटावर. आपल्या काळ्या कातळात पाणी मुरमात नाहीतर भेगांत, आणि भेगेला बांध कळत नाही. शेजाऱ्याने खोल बोअर घेतलं तेव्हा आमची 45 फुटी विहीर आटली. (चूक त्याची नाही, तरी वर्षभर बोलणं बंद होतं.) जमिनीतलं पाणी जगात सर्वांत जास्त आपला देश उपसतो, अमेरिका आणि चीन मिळूनही तेवढं उपसत नाहीत.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या नोंदी आपण तालुकावार छापाव्यात, ही विनंती. कोयनेच्या शेजारी लहानशी चौकट पुरे. मार्च आणि मे महिन्याची तरी नक्की द्या, म्हणजे गाडी बोलावण्याआधी आम्हाला ती बघता येईल.

– एक शेतकरी वाचक, ता. माण, जि. सातारा