“कळलं का?” विचारायचं नाही, हे शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

सातारा-सांगलीतल्या दगडखाणींवर सुरक्षेचे वर्ग आता आम्हीच घेतो. आमच्यात कुणी मेट म्हणजे खाणीवरचा मुकादम, कुणी ब्लास्टर म्हणजे सुरुंग उडवणारा, तर कुणी क्रशरवरचा फोरमन. ते वर्ग घ्यायचे कसे, हे तुम्ही शिकवलंत. आभार तोंडी मानून झाले, पण नेमके कशाकशाचे ते लिहून कळवावं असं सगळ्यांचं ठरलं.

सगळ्यांत आधी एका प्रश्नाचे. वर्ग संपताना “कळलं का?” विचारायचं नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. उत्तर “होय” असंच येतं. नव्या माणसाला चारचौघांत नाही म्हणायची लाज वाटते, त्यात कुणाची बोली वडारी, कुणाची कन्नड, कुणाची भोजपुरी. त्यापेक्षा पहार हातात देऊन “करून दाखव” म्हणायचं. आधी आपण काम नेहमीच्या वेगात करून दाखवायचं, मग सावकाश, कारण सांगत. नंतर ते त्याच्याकडून करून घ्यायचं आणि शेवटी त्याने ते शेजारच्याला शिकवायचं. तिथे तो अडला, तर शिकवणारा कमी पडला असं धरायचं. हे तुम्ही फार ठासून सांगितलंत, आणि आम्हाला ते पटलं.

सैल दगडाचा पाठ तुमच्याकडून उचलला तसाच चालू आहे. पहारीचं टोक कातळावर आपटलं की घट्ट दगड खणकन वाजतो, सुटलेला बदबदतो. पण जाड, मोठा तुकडा सुटलेला असूनही खणखणीत वाजू शकतो. म्हणून भेग कुठून कुठवर जाते ते डोळ्यांनी शोधायचं. आपण उभं राहायचं ते आधी तपासलेल्या, घट्ट बाजूला. काम वरून खाली. पहारीचं मागचं टोक पोटासमोर कधीच धरायचं नाही, अंगाच्या बाजूला ठेवायचं, कारण दगड निसटला की पहार झटक्यात मागे येते. मागे सरायची वाट आधी मोकळी करायची. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. म्हणून पहार देण्याआधी आम्ही “निसटला तर कुठे जाशील?” विचारतो आणि त्याला त्या वाटेने चालायला लावतो.

आपल्या कातळात दोन थरांमध्ये कुठेकुठे जो तांबडा, मातकट पट्टा असतो, त्याकडे बोट दाखवल्याबद्दल वेगळे आभार. पावसाळ्यात त्यात पाणी मुरतं, तो मऊ पडतो आणि वरच्या उभ्या भेगांच्या कातळाचा आधार जातो. पाऊस उघडल्यावर आणि सुरुंगानंतर पहिली पाहणी तिथलीच.

1961 च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समधले, म्हणजे खाणींच्या सुरक्षा नियमांतले आकडे नुसते सांगून कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तुम्ही दोरीला 1.5, 3 आणि 6 मीटरवर गाठी मारायला लावल्यात. मुरुमात बेंच, म्हणजे खाणीच्या कडेला कापलेली पायरी, 1.5 मीटरपेक्षा उंच नको आणि तिची रुंदी निदान उंचीएवढी हवी, खाणीच्या काठापासून 3 मीटरपर्यंत सुटा दगड नको, कठीण खडकात बेंच 6 मीटरच्या वर नको. दोरी खाली सोडली की निरक्षर माणूसही बेंच जास्त उंच झाली का ते सांगतो.

धुळीचा प्रयोगही तसाच. अंधार पडताना ड्रिलच्या पलीकडे टॉर्च ठेवायची आणि उजेडाकडे तोंड करून पाहायचं. दिवसा न दिसणारी बारीक धूळ तेव्हा झगमगते, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाचा भरवसा आपोआप उडतो. ड्रिल सुरू करताना “आधी पाणी, मग हवा” हा क्रम त्यानंतर सांगावा लागत नाही.

कॉम्प्रेसरचा होज सोडताना आधी व्हॉल्व्ह बंद, मग जॅकहॅमर चालवून आतली हवा काढायची, मगच कपलिंगला हात. सुरुंग भरणं मात्र तुम्ही मजुरांच्या वर्गात येऊच दिलं नाहीत, ते योग्यच. त्यांना एवढंच शिकवायचं की सुरुंगाच्या जुन्या भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही, आणि ढिगाऱ्यात वायर दिसली तर हात न लावता लांब होऊन ब्लास्टरला हाक मारायची.

जत बाजूच्या मजुरांसाठी हे पाठ आम्ही कन्नडमध्ये करून घेत आहोत. पहारीचा झाला, धुळीचा बाकी आहे. सवड मिळाली तर दोन्ही एकदा नजरेखालून घालावेत, ही विनंती.

आपले,
सातारा-सांगली भागातल्या दगडखाणींवरचे सुरक्षा प्रशिक्षक