चित्र गिब्सन यांचे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला एकोणिसाव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे, पण सोबतच्या रंगीत चित्राखाली ‘गिब्सन यांनी रेखाटलेले चित्र’ असे छापलेत, ते पाहून संताप आला. ते चित्र ज्या संचातले आहे, ती चित्रे गिब्सन यांनी काढलेली नाहीत. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी ती एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून करून घेतली. सुमारे १७० चित्रे आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र तेव्हा कोणी नोंदवलेच नाही, आणि तुम्ही तर त्याचे कामही दुसऱ्याच्या नावावर लावलेत.

माझे वडील एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात चित्रकार होते. तेरड्याचे फूल दुपारपर्यंत मान टाकते, म्हणून ओल्या फडक्यात आलेला नमुना सोडवला की ते चहाही न घेता बसत. क्रोक्विलच्या निबने पानाच्या कडेची एकेक लव काढायची, भिंगातून पुंकेसर मोजायचे, चुकले की ब्लेडच्या टोकाने शाई खरवडायची. पुढे विभागप्रमुखांचे पुस्तक निघाले. त्यात टंकलेखकाचे आभार होते, वडिलांचे नाव कुठेही नव्हते. ते पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत घरात येऊ दिले नाही.

गिब्सन यांचे मोठेपण मला मान्य आहे. सर्जन म्हणून आलेला हा माणूस १८३८ मध्ये दापोडीच्या वनस्पती-बागेचा अधीक्षक झाला, १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला, आणि जंगल तुटले की पाऊसपाणी बिघडते, खाड्या गाळाने भरतात, हे त्याने त्या काळात सरकारला बजावले. त्याला दुसऱ्याच्या चित्रांची गरज नाही. १८६१ च्या ‘बॉम्बे फ्लोरा’ या वनस्पतींवरच्या ग्रंथावरही निकोल डॅल्झेल यांचे नाव जोडीने आहे. लेखात तेही गाळले आहे.

आणखी एक. गिब्सन यांची बाग लेखात म्हटल्याप्रमाणे पुण्याच्या गणेशखिंडीत नव्हती, आमच्या दापोडीत होती. गणेशखिंडीची बाग नंतरची. दापोडीच्या वाट्याला एवढी एकच गोष्ट आली आहे, तीही पुण्याला देऊन टाकू नका.

दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींत नको. पुरवणीतच, तेच चित्र पुन्हा छापून, खाली ‘चित्रकार अज्ञात’ असे लिहा.

– एक वाचक, दापोडी